शांत माणसाचा हँडब्रेक

३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांचा सल्ला. खरं तर दवाखान्यात हिच्या बोटांसाठी गेलो होतो, पण डॉक्टर नको तितका चौकस. हिच्या दोन बोटांना पट्टी बांधून झाल्यावर त्याने माझंच ब्लडप्रेशर मोजलं आणि म्हणाला, राग आला की लिहून काढत जा, वस्तूंवर काढू नका. मी म्हटलं, मला राग येतच नाही. डॉक्टरने हिच्याकडे बघितलं. हिने भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे बघितलं. मग घेतली ही वही. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. राग आला तरच लिहायचं ठरवलं असतं तर वही कोरीच राहिली असती, म्हणून इतरही लिहीन.

बोटांचं काय झालं ते नोंदवून ठेवतो, नंतर विपर्यास नको. आमची गल्ली उताराची, घर साधारण मध्यावर. गाडी जुनी पण ठणठणीत. फक्त हँडब्रेक जरा सैल आहे. दांडी ओढत गेलं की खटके वाजत वाजत पार वर येते, आणि गाडी आपली सावकाश निघते. गिअरमध्ये ठेवून उभी करणं मला पटत नाही, इंजिनावर ताण येतो. म्हणून आमची एक पद्धत आहे. घरापाशी आलो की मी पायाने ब्रेक दाबून धरतो, ही उतरते, फाटकाशी ठेवलेला दगड उचलते आणि पुढच्या चाकापुढे लावते. मग मी पाय सोडतो. निघताना उलट. गाडी घेतल्यापासून हे असंच चाललंय, आता तोंडाने सांगावंही लागत नाही.

आज पाय जरा आधी सुटला. उताराच्या तळाशी राहणारे रिटायर्ड हेडमास्तर आमच्या दारावरून जाताना गाडीकडे बघून मान हलवत होते, त्यांना खिडकीतून दोन शब्द ऐकवणं भाग होतं. त्या गडबडीत हिचा हात मध्ये आला.

ही रडली नाही. दवाखान्यातून परत येताना एवढंच म्हणाली की दगड मी आता लावणार नाही, हँडब्रेक दुरुस्त करा. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? येत्या रविवारपर्यंत होऊन जाईल.

४ फेब्रुवारी, सोमवार.

गॅरेजला जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. नाक्यावरच्या मेकॅनिकशी माझं बोलणं बंद आहे. रेडिएटरवरून तो उद्धट बोलला आणि बोलता बोलता त्याचं नाक माझ्या कोपराला लागलं. पुलापलीकडच्या गॅरेजात एकदा माझ्या हातून चाकाचं झाकण सुटलं, ते त्यांच्या ऑफिसच्या काचेतून आत गेलं. तिसऱ्या ठिकाणी मला लांबून बघूनच शटर ओढतात. या शहरात कसबी कारागीर उरले नाहीत.

स्वतः करणार. व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतला माणूस शीळ घालत घालत काम करतो. दोन सीटच्या मधलं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं, खाली केबल, केबलवर नट. नट आवळला की केबल ताणली जाते, केबलने मागच्या चाकांतले ब्रेक आवळले जातात. झालं. यात शिकण्यासारखं काय आहे?

ऑफिसात दिवसभर लोकांची बोलणी खाल्ली. मी वीज कंपनीत तक्रार खिडकीवर असतो. लोक ओरडतात, काच बडवतात, आईबाप काढतात, मी नोंद घेतली म्हणतो. इतका संयम असलेल्या माणसाला डॉक्टर राग लिहायला सांगतो.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

प्लॅस्टिकचं कव्हर निघालं. चार स्क्रू होते, असं नंतर कळलं. दोन काढले होते. उरलेल्या अर्ध्यासाठी पाय वापरला. कव्हर तसंही जुनं झालं होतं.

आत घरात आलो तर जेवणाच्या टेबलाचा कोपरा मांडीला लागला. टेबलाने वाटेत यायचं कारण नव्हतं. त्याला ढकललं, त्यावरचा काचेचा जग खाली आला. यावर ही अतिशय हळू आवाजात म्हणाली, या घरात यापुढे एक जरी वस्तू फुटली तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन आणि परत येणार नाही.

हिला काचेच्या वस्तूंचा फार सोस. मी मनावर घेतलं नाही. पण ती जायची भाषा करते ते मला ऐकवत नाही हे खरं. म्हणून इथे लेखी निश्चय करतो: घरात काहीही फुटणार नाही. जे करायचं ते घराबाहेर, गाडीपाशी.

लेक खोलीत होती. तिच्या दारावर बाहेरून कॅलेंडर टांगलंय. त्याच्याखाली एक भोक आहे, साधारण माझ्या मुठीएवढं. हल्ली दारं फार तकलादू बनवतात.

६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.

फत्ते. ऑफिसला निघण्याआधी नट आवळला, तोही चांगला दाबून, पान्याला पाइप लावून. आधी दांडी पार वर जायची, आता दुसऱ्याच खटक्याला घट्ट. दगड न लावता गाडी उभी राहिली. हिला हाक मारून दाखवली. ही म्हणाली, चाकं मोकळी फिरतायत का ते बघायला हवं ना? मी हसलो. हिला वाटतं गाडी म्हणजे शिवणयंत्र.

एवढ्या कामाला रविवार कशाला लागतोय?

त्याच दिवशी. संध्याकाळी.

ओठ सुजलाय, म्हणून थोडक्यात. जाताना गाडी जड वाटत होती. सिग्नलला मागच्या चाकांतून धूर येऊ लागला. मागच्या गाडीतला इसम उतरून म्हणाला, काका, गाडी जळतेय तुमची. धुराचं एक वेळ ठीक. पण काका? त्याच्या डोक्यावर माझ्यापेक्षा कमी केस होते. मी हे त्याच्या लक्षात आणून दिलं. बोलता बोलता त्याच्या गाडीचा बाजूचा आरसा माझ्या हातात आला. मुळात सैल असणार. दुर्दैवाने त्याच्या शेजारी त्याचा भाऊ बसला होता. भाऊ दरवाज्यातून बाहेर यायला बराच वेळ लागला, इतका तो मोठा होता. तेवढ्या वेळात मी निघून जायला हवं होतं, पण माघार माझ्या स्वभावात नाही.

रस्त्याच्या कडेला बसून नट सैल केला. गाडी सुटली. ऑफिसात खिडकीवर बसलो तर पहिल्याच तक्रारदाराने माझा चेहरा बघून तक्रार मागे घेतली. आज राग आला नाही. ज्याला आला तो त्या भावाला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.

नट जास्त सैल झाला होता. परत आवळताना गळून पडला आणि कार्पेटखाली गेला. कार्पेट काढलं. म्हणजे फाडलं. नट सापडला नाही. सीटला गुद्दे हाणले, त्यातून धूळ निघाली, धुळीने शिंका, शिंकेसरशी कपाळ स्टिअरिंगवर आपटलं आणि हॉर्न वाजला. हॉर्न ऐकून ही खिडकीत आली. माझ्या कपाळावर हॉर्नचं चिन्ह उमटलं होतं. ही खिडकीतून बाजूला झाली.

नट नंतर माझ्या खिशात सापडला. मीच जपून ठेवला होता.

दगड सध्या मीच लावतो. मी आधी उतरतो आणि मग गाडी धावत गाठतो. तरुणपणी धावण्याच्या शर्यतीत होतो त्याचा उपयोग होतोय.

१० फेब्रुवारी, रविवार.

व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आधी बघायला हवा होता, पण तो इसमच पाल्हाळ लावतो. मुद्दा असा: केबलचा नट हे शेवटचं काम. त्याआधी मागच्या चाकांच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकामागच्या लोखंडी डब्यात, त्याला आतून दाबून धरणारे ब्रेक शू घट्ट करायचे असतात. त्यासाठी आत एक छोटी दातेरी चकती असते, ती फिरवायची. म्हणजे चाक काढा, ड्रम काढा, आत बघा.

सकाळी सातला सुरुवात. सुरक्षितता आधी, म्हणून पुढच्या चाकापुढे दगड लावला, हँडब्रेक ओढला, मग जॅक. चाक निघालं. ड्रम निघेना. हातोडा घेतला. मग मोठा हातोडा. मग ड्रमला काय वाट्टेल ते बोललो, मग पुन्हा हातोडा. नऊ वाजेपर्यंत मारत होतो. एकदा हातोडा उसळून मडगार्डला लागला, तिथे आता वाटीएवढा खड्डा आहे. एकदा अंगठ्याला लागला. अंगठ्याबद्दल लिहीत नाही.

हेडमास्तर उतार चढून वर आले, काठी टेकत. रविवारी सकाळी माणसं झोपतात, असं शिकवणीच्या सुरात म्हणाले. मी नम्रपणे त्यांना घरी जायला सांगितलं. हातोडा त्याच वेळी माझ्या हातून निसटला आणि त्यांच्या बुटाशेजारी पडला. त्यावर या गृहस्थांनी काठी माझ्या मनगटावर हाणली. आणि मी हातोडा उचलायला वाकलो तेव्हा पोटरीवर. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात असा बसतो की माझ्या तोंडून चुकलो सर असं निघून गेलं. वयाचा मान ठेवून मी खाली बसलो.

ही खिडकीत उभी होती. हसत नव्हती. म्हणाली, हँडब्रेक ओढलेलाच ठेवलाय का? आत शूंनी ड्रम धरून ठेवला असेल. मी म्हटलं, स्वयंपाकघरात लक्ष दे.

ती गेल्यावर दांडी हळूच खाली केली. ड्रम आपणहून निघाला. माझ्या पायावर पडला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.

पाय सुजलाय. बूट जात नाही. ऑफिसात एक पायात बूट, एक पायात चप्पल.

लेक ड्रायव्हिंग स्कूलला जाते रोज सकाळी. ही तिच्याबरोबर जाते, सोबत म्हणून. मागच्या सीटवर बसून राहत असणार. मी म्हटलं, पोरगी मोठी झाली, सोबत कशाला? ही म्हणाली, असू दे, तेवढाच मला वारा लागतो. बायकांना करमणूक कशात वाटेल, सांगता येत नाही. बोटांची पट्टी निघाली, तर उगीच बोटं उघडमीट करून बघत असते.

जेवताना हिने विचारलं, आपल्या उतारावर एकट्या माणसाला ही गाडी उभी करता येईल का, म्हणजे दगड लावायला दुसरं कोणी नसताना. मी म्हटलं, एकट्याने कशाला करायची, मी आहे ना. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. प्रेमाने असावं.

१३ फेब्रुवारी, बुधवार.

आजचा प्रसंग जसा घडला तसा लिहितो.

ऑफिसातून आल्यावर ड्रमच्या आत हात घातला. आत स्प्रिंग असतात. व्हिडिओतला माणूस स्प्रिंग चिमटीत धरतो आणि काढतो. मी पक्कडीने ओढली. स्प्रिंग निघाली आणि माझ्या डोळ्याच्या खाली लागली. रक्त. क्षणभर काही दिसेना. हातात जॅकचा दांडा होता. दांडा कुठे गेला मला दिसलं नाही, कारण डोळा मिटलेला होता. आवाजावरून कळलं. न्हाणीघराच्या खिडकीतून आत जाऊन वॉशिंग मशीनच्या गोल काचेवर.

मी गाडीपाशीच होतो. घरात नव्हतोच. निश्चय शब्दशः पाळला गेला होता. हे हिला समजावून सांगितलं. ही काचा गोळा करत होती. लेकीने माझ्या डोळ्याखाली औषध लावलं, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या पक्कडीकडे होतं. मी विचारलं, तुला काय झालं गं? ती म्हणाली, काही नाही, बाबा, हलू नका.

राग आला नव्हता. दुखलं होतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.

वातावरण निवळलं. ही जाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दोन दिवस कपाटं आवरतेय. हिचे आणि लेकीचे कपडे वेगळे काढून घड्या घालून ठेवलेत. माझे आहेत तिथेच आहेत, बहुधा ते आधीच नीट असावेत. वॉशिंग मशीनचं नावही नाही. धमकीला भीक घातली नाही की माणसं ताळ्यावर येतात.

१७ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

महत्त्वाचा दिवस. दोन्ही ड्रम उघडले (आता दांडी खाली करून), चकत्या फिरवल्या. डावीकडची उजवीकडे पाच-सहा दाते, उजवीकडचीही उजवीकडे पाच-सहा दाते. जगात कुठलीही गोष्ट उजवीकडे फिरवली की आवळली जाते. ड्रम बसवले, चाकं बसवली, शेवटी नट. अगदी व्हिडिओसारखं. शीळ घालायचा प्रयत्न केला, ओठ अजून दुखतो.

उजवं चाक फिरवताना जरा घासतं, तसंच हवं. डावं फार मोकळं फिरतं. डावं आधीपासूनच चांगलं असणार.

लेक म्हणाली, त्या व्हिडिओत म्हणतात डाव्या-उजव्या चकत्या एकमेकींच्या उलट फिरतात. मी पाना खाली ठेवला. शांतपणे ठेवला. तरी ती दोन पावलं मागे का सरकली, कळत नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार.

आज हिला गाडीतून दुकानात नेलं. चढावर गाडीने झटका खाल्ला तर म्हणते, क्लच अर्ध्यावर धरून मग ब्रेक सोडायचा, म्हणजे गाडी मागे येत नाही. मागच्या सीटवर बसून बसून काय काय उचललंय. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली, ती गाणी लावायच्या यंत्रावर बसली, ते बंद पडलं. शांतता बरी असते प्रवासात.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार.

लेकीचं लायसन्स झालं. दोघी सकाळी गेल्या त्या दुपारी आल्या, फाटकातूनच हसत. हिचा चेहरा तर असा, की कोणाला वाटावं हिचंच झालं. किती दिवसांनी हिला हसताना बघितलं. मलाही बरं वाटलं, उगाच.

त्या भरात जाहीर केलं: रविवारी हँडब्रेकची जाहीर चाचणी. मेहुण्याला बोलावलंय. त्याच्या नव्या गाडीत हँडब्रेकची दांडीच नाही, एक बटण आहे, ते तो दर भेटीत दाबून दाखवतो. त्याला जुन्या लोखंडाची ताकद दाखवायची आहे. हेडमास्तरांनाही निरोप दिला. ते म्हणाले, मी माझ्या फाटकातूनच बघीन.

हिने विचारलं, चाचणी रिकाम्या गाडीची करणार का? मी म्हटलं, मग? ही म्हणाली, वजन हवं, नाहीतर काय कळणार. डिकीत दोन बॅगा ठेवते भरून, मी पुढे बसते, पोरगी मागे. मी चाट पडलो. इतक्या वर्षांत हिने माझ्या कामात पहिल्यांदाच रस घेतला.

२४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ.

तयार. हवा छान. दाढी केली. डॉक्टरला ही वही दाखवायची झाली तर बघेल: पूर्ण तीन आठवडे रागाची एकही नोंद नाही.

बॅगा हिने स्वतः डिकीत ठेवल्या. बऱ्याच जड होत्या.

२४ फेब्रुवारी. दुपारी तीन. दवाखाना.

पुढचा दात गेला. नडगीला टाके. परिचारिकेकडून पेन घेऊन लिहितोय. सगळं क्रमाने लिहिणं आवश्यक आहे, कारण चार माणसं चार गोष्टी सांगतायत.

गाडी घरासमोर, तोंड उताराकडे. हिला माझ्या सीटवर बसवलं, म्हणजे मला बाहेर उभं राहून समजावून सांगता येईल. हिने ब्रेक दाबून धरला, मी दगड काढून बाजूला ठेवला. हिने किल्ली मागितली. किल्ली कशाला? तरी दिली, हौस म्हणून. लेक मागे बसली. मी बाहेरून हात घालून दांडी ओढली. हिला म्हटलं, आता ब्रेकवरचा पाय काढ. हिने काढला. गाडी हलली नाही. तसूभरही नाही. मी दोन्ही हात वर करून मेहुण्याकडे बघितलं.

मेहुणा खाली वाकला. म्हणाला, भावोजी, चाकापुढे दगड आहे की.

होता. मी लावला नव्हता. लेकीने लावला होता, गाडीत बसायच्या आधी, गुपचूप. काचेतून तिचा चेहरा दिसला. म्हणाली, बाबा, आई बसलीय ना गाडीत.

मेहुणा हसला. मोठ्याने नाही, पण हसला, आणि आपल्या गाडीच्या बटणाचं काहीतरी म्हणाला. इथून पुढचं मला थोडं तुटक आठवतं. डोक्यात रक्त चढलं. समोर मेहुण्याचं डोकं होतं. हाताशी काहीतरी हवं होतं. मी वाकलो, दोन्ही हातांनी जोर लावून दगड उपसला आणि त्याच्या अंगावर धावून गेलो. तो पळाला. मेहुणा अंगाने स्थूल आहे, पण फाटकावरून उडी मारली. मी दगड डोक्यावर धरून ओरडलो की आज तुझं बटण फोडतो.

मागे हळूच खडखड झाली. वळलो. गाडी निघाली होती.

पाठमोरी. मागच्या काचेत लेकीचं डोकं. सुरुवातीला चालत होती, मग धावायला लागली. उताराच्या टोकाला हेडमास्तरांची दगडी भिंत. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. मी धावलो. पाय सुजलेला, तरी धावलो. हातात दगड होताच. एकच विचार: गाडी गाठायची, पुढे जायचं आणि चाकापुढे दगड लावायचा. इतकी वर्षं ही लावते, तसा.

गाडीचे मागचे लाल दिवे लागले. भिंतीच्या हातभर अलीकडे गाडी थांबली. पायाच्या ब्रेकने. हिने.

मी ओरडत होतो, थांब, आलो, थांब. आता लक्षात येतं की ते कसं दिसलं असेल. हिने आरशात बघितलं. आरशात मी. तोंड उघडं, डोळे लाल, हात वर, हातात दगड. लेक मागे वळून बघत होती. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि सीटखाली वाकली.

मी दगड लावायला येत होतो. फक्त लावायला.

इंजिन सुरू झालं. गाडीने डावीकडे वळण घेतलं, सफाईने, झटका न खाता, क्लच अर्ध्यावर धरून. तेवढ्यात हेडमास्तर फाटकातून बाहेर आले आणि दोन बायकांच्या मागे दगड घेऊन धावणाऱ्या माणसाच्या नडग्यांवर त्यांनी पूर्ण ताकदीने काठी चालवली. मी तोंडावर पडलो. कान रस्त्याला लागून असल्यामुळे मला आवाज नीट ऐकू आला. दुसरा गिअर. मग तिसरा.

डॉक्टर तोच आहे. वही लिहिताय का, विचारलं. हो म्हटलं. ब्लडप्रेशर मोजलं आणि दुसऱ्यांदा मोजलं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार.

मेहुण्याचा फोन. दोघी त्याच्याकडे आहेत, सुखरूप आहेत, इकडे यायचं नाही. त्याने फाटकावरून बोलावं तसं लांबून बोलल्यासारखं सगळं सांगितलं. मी समजावलं की मी गाडी थांबवायला धावत होतो. तो म्हणाला, भावोजी, दगड माझ्यासाठी उचलला होता की गाडीसाठी? मी म्हटलं, उचलला तुझ्यासाठी, पण धावलो गाडीसाठी. त्याला हा फरक कळला नाही. कोणालाच कळत नाहीये.

रजा काढली आहे. दात नसताना नोंद घेतली हे शब्द नीट उमटत नाहीत.

२८ फेब्रुवारी, गुरुवार.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. डावी चकती उलटी फिरवायची होती. एवढंच राहिलं होतं. एका चकतीचं काम. नाहीतर माझं बाकी सगळं बरोबर होतं.

कॅलेंडर नव्या महिन्याचं करायला गेलो आणि पान उलटताना भोकातून लेकीची खोली दिसली. गादीवर चादर नाही. पान पुन्हा जसं होतं तसं ठेवलं.

३ मार्च, रविवार. सकाळी.

हेडमास्तर वर आले. एका हातात काठी, एका काखेत दगड. त्यांच्या भिंतीपाशी पडला होता. फाटकाशी जागेवर ठेवला आणि श्वास घेत म्हणाले, तुमची वस्तू. मी आभार मानले. ते म्हणाले, गाडी छान चालवतात हो बाई. माझ्या भिंतीला धक्काही लागला नाही.

मग हिला फोन केला. लेकीने उचलला आणि लगेच आईकडे दिला. रागाचा विषय काढला नाही. टेक्निकल बोललो. डावी चकती उलटी फिरवायची आहे, गाडी घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे. तोपर्यंत हँडब्रेकवर अजिबात विसंबू नकोस, धोका आहे, दगड लावायला तिथे कोणी नाही.

ही म्हणाली, राहू द्या. इकडे रस्ता सपाट आहे.

फोन ठेवला. आज राग आला नाही. वाऱ्याने पुढचं दार आपटत होतं, त्याला दगड लावून ठेवलाय.